गळक्या घराचं पूर्ण भाडं का द्यायचं? गोव्यातल्या भाडेकरूंसाठी

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री अडीच वाजता मुलीनं हाक मारली, "आई, उशी ओली झाली." दिवा लावला. तिच्या पलंगाच्या बरोबर वर, छतावर परातीएवढा डाग पडला होता आणि त्याच्या मधोमध थेंब जमत होता. जड होऊन पडायचा, की पुढचा जमायला लागायचा. पलंग ओढला, खाली बालदी ठेवली, आणि उरलेली रात्र आम्ही तिघं पुढच्या खोलीत काढली. सकाळी बालदी अर्धी भरली होती. स्विचबोर्डाच्या खालून भिंतीवर पाण्याची एक बारीक रेघ उतरली होती. मला थेंबापेक्षा त्या रेघेचीच जास्त भीती वाटली.

२०२२ सालची गोष्ट. फोंड्यात चार मजली इमारतीतला सगळ्यात वरचा फ्लॅट, दोन बेडरूम, महिना १४,००० भाडं, तीन महिन्यांची म्हणजे ४२,००० अनामत. घर पाहिलं ते मार्चमध्ये. मार्चमध्ये गोव्यातलं कुठलंही घर कोरडं ठणठणीत असतं. वर्षाला तीनेक हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या प्रदेशात घराची खरी परीक्षा जूनमध्येच होते, आणि तोवर आपण करारावर सही करून बसलेलो असतो.

मी हायस्कुलात गणित शिकवते, वकील नाही. पण त्या चार महिन्यांत पुष्कळ वाचलं, विचारलं, लिहिलं. जुलै ते सप्टेंबर आम्ही १४,००० ऐवजी ११,००० भाडं दिलं, विजेच्या दुरुस्तीचे ३,८५० रुपये वळते करून घेतले, आणि घरमालकांशी बोलणं एक दिवसही तुटलं नाही. पाऊस सुरू झाला की स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी मला गाठून हेच विचारतं, म्हणून एकदाचं सगळं सविस्तर लिहून ठेवते.

सगळ्यात आधी, काय करू नये ते. रागाच्या भरात भाडं बंद करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी मला पहिला सल्ला तोच दिला होता: "एक पैसा देऊ नका, धावत येतील." धावत येतील, पण नोटीस घेऊन. गोव्याचा स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा १९६८ चा आहे. त्यात घर खाली करून घ्यायची जी कारणं मालकाला दिली आहेत, त्यांत थकबाकी हे अगदी ठळक कारण आहे: एकूण तीन महिन्यांचं भाडं थकलं, मालकानं रजिस्टर्ड नोटीस दिली, आणि ती मिळाल्यापासून तीस दिवसांत तुम्ही थकबाकी भरली नाही, की तो तुम्हाला बाहेर काढण्यासाठी अर्ज करू शकतो. तिथं "पण घर गळत होतं" हे सांगत बसण्यापेक्षा ती वेळच येऊ देऊ नये. नोटीस आली तर ती परत पाठवूही नका. घ्यायला नकार दिला तरी नकाराच्या तारखेपासून दिवस मोजले जातात.

दुसऱ्या बाजूनं, "करार केलाय, आता मुकाट्यानं सगळं भरा" हेही खरं नाही. सर्वोच्च न्यायालयाचा १९६६ चा एक निकाल या बाबतीत मला फार मोलाचा वाटतो. कलकत्त्यातल्या स्टीफन कोर्ट खटल्यात भाडेकरूला तीन बेडरूमपैकी एका बेडरूमचा ताबाच मिळाला नव्हता. त्याचं म्हणणं होतं, मग मी भाडंच देणार नाही. न्यायालयानं ते मानलं नाही. राहत्या घराचं काहीच न देणं अन्यायाचं आहे, पण न मिळालेल्या खोलीचं भाडं मागणंही बरोबर नाही, तेव्हा जेवढा भाग मिळाला त्या प्रमाणात भाडं द्यावं, असा मार्ग काढला. ती खोली मुळात मिळालीच नव्हती आणि आमची मिळून निकामी झाली होती, हा फरक आहेच. तरी बोलणी करताना "प्रमाणात" हा शब्द मी इथूनच उचलला.

कायद्याचं थोडं सांगावंच लागेल, कारण गोव्यातल्या मराठी माणसाची इथं एक खास फसगत होते. मराठीत शोधायला गेलं की समोर येतो तो महाराष्ट्राचा कायदा. त्यात १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं चौदावं कलम छान दिसतं: दुरुस्ती ही मालकाची जबाबदारी, पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्या, तरी केली नाही तर स्वतः करा आणि वर्षाच्या भाड्याच्या चौथ्या हिश्श्यापर्यंत रक्कम कापून घ्या. मीही हे वाचून हुरळले होते. तो कायदा पत्रादेवीच्या नाक्यापलीकडचा. आपल्या पत्रात त्याचा हवाला दिलात तर समोरचा वकील पहिल्याच वाक्यात तुमचं पत्र बाजूला ठेवील.

गोव्यात आपल्याला धरून ठेवता येतं ते देशभर चालणारा १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि त्याचं १०८ वं कलम. त्यातल्या तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, घरात मोठा दोष आहे हे मालकाला ठाऊक आहे आणि साध्या नजरेनं तुम्हाला तो दिसण्यासारखा नाही, तर तो त्यानं सांगायलाच हवा. आमच्याच घरात डाग झाकायला नुकताच रंग मारला होता, हे पोपडे निघाल्यावर खालचा जुना पिवळा थर बघून कळलं. दोन, जी दुरुस्ती करणं मालकावर बंधनकारक आहे ती त्यानं कळवल्यानंतर वाजवी वेळात केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च व्याजासकट भाड्यातून कापून घेऊ शकतो. तीन, आग, वादळ, पूर अशा आपत्तीनं घराचा महत्त्वाचा भाग नष्ट झाला किंवा कायमचा निरुपयोगी झाला, तर करार संपवण्याचा पर्याय भाडेकरूकडे असतो.

दुसऱ्या मुद्द्यातले "जी दुरुस्ती बंधनकारक आहे ती" हे शब्द पुन्हा वाचा. बहुतेक जण तिथंच चुकतात. हे कलम मालकावर दुरुस्तीचं बंधन घालत नाही, बंधन आधीच असेल तर पुढं काय करायचं ते सांगतं. आणि सगळं कलमच "करारात वेगळं काही ठरलं नसेल तर" या अटीवर उभं आहे. म्हणून तुमच्या करारात दुरुस्तीबद्दल काय लिहिलंय, यावर जवळजवळ सगळं अवलंबून असतं. माझी मावसबहीण जर्मनीत राहते. तिथल्या दिवाणी संहितेच्या ५३६ व्या कलमानं घरात दोष असेल तेवढ्या काळाचं भाडं कायद्यानंच कमी होतं, भाडेकरूनं दोष कळवायचा असतो एवढंच. आपल्याकडे असं आपोआप काही होत नाही. आपल्याला ते मागून, लिहून, ठरवून घ्यावं लागतं.

तेव्हा करार काढा. बहुतेकांचा अकरा महिन्यांचा असतो, कारण वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदणी करावा लागतो. वर बहुधा "लीव्ह अँड लायसन्स" लिहिलेलं असतं, म्हणजे भाडेपट्टा नव्हे, नुसती राहण्याची परवानगी. १०८ वं कलम भाडेपट्ट्याला लागू होतं, लायसन्सला नाही, आणि मालक लोकांना हे माहीत असतं. पण मथळ्यावर सगळं ठरत नाही. घराचा पूर्ण ताबा तुमच्याकडे आहे का आणि कराराचा खरा हेतू काय, हे न्यायालय बघतं. १९५९ पासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे. हा वाद मात्र आपण स्वतः घालायचा नसतो, तिथं वकील लागतो. लायसन्स असलं तरी करारातलं प्रत्येक वाक्य मालकाला बांधतंच. आमच्या कराराच्या सातव्या कलमात एक ओळ होती: इमारतीच्या मूळ बांधकामाची आणि आतल्या वायरिंगची दुरुस्ती मालक करील, किरकोळ दुरुस्ती राहणारा करील. सही करताना मी ती वाचलीही नव्हती. पुढं सगळं तिनंच तारून नेलं.

करारच नाही, तोंडी सगळं चाललंय, असंही पुष्कळांचं असतं. मग बँकेतून गेलेलं भाडं, पोलिस ठाण्यात दिलेला भाडेकरू पडताळणीचा फॉर्म, वीजबिल, मालकाशी झालेले मेसेज, हे सगळं गोळा करा. आणि एक सांगून ठेवते, मुंडकार म्हणून, म्हणजे जमीनमालकाच्या संमतीनं त्याच्या जमिनीवरच्या घरात, राहणाऱ्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांच्यासाठी १९७५ चा स्वतंत्र कायदा आहे, हा लेख त्यांच्या कामाचा नाही.

आता पुराव्याकडे येते, कारण खरी मेहनत इथं आहे.

पहिल्या रविवारी मी शाळेतली एचबी पेन्सिल घेतली आणि भिंतीवरच्या ओलीच्या कडेकडेनं रेघ ओढली. रेघेला टेकून तारीख लिहिली: १२ जून. पुढच्या रविवारी ओल रेघेच्या बाहेर वीतभर सरकली होती. तिच्या कडेनं दुसरी रेघ, १९ जून. मग २६ जून, ३ जुलै. चार आठवड्यांत भिंतीवर नकाशातल्या समोच्च रेषांसारखं चित्र उभं राहिलं. शेजारी शाळेची फूटपट्टी चिकटवून दर वेळी एकाच जागेवरून फोटो काढला. वीस सुटे फोटो बघून कुणालाच काही कळत नाही. हा एक फोटो बघून भाईंना कळलं.

भाई म्हणजे घरमालकांचे मेहुणे. मालक मस्कतला, इथला कारभार भाईंकडे. त्यांचं फोनवर पहिलं म्हणणं होतं, "टीचर, तुम्ही दिवसभर शाळेत, खिडक्या बंद, म्हणून बुरशी येते." हे अगदीच खोटं नसतं. बंद घरात वाफ धरतेच. ती शंका फेडायला एक सोपी परीक्षा आहे. वहीच्या पानाएवढा पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, भिंतीवर ठेवून चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घट्ट बंद करा, आणि दोन दिवस तसाच राहू द्या. पाण्याचे थेंब प्लॅस्टिकच्या आपल्या बाजूला दिसले तर ते हवेतलं बाष्प. आतल्या बाजूला, भिंतीकडे दिसले तर ओल भिंतीतून येतेय. आमच्या तुकड्याच्या आत थेंबांची रांग होती आणि बाहेरची बाजू कोरडी. त्याचाही फोटो काढला.

याखेरीज नेमानं एक वही ठेवली. कुठल्या दिवशी किती पाऊस, किती बालद्या, कोणती खोली वापरता आली नाही, कुणाला फोन केला, ते काय म्हणाले. फोटो मूळ फोनमध्येच राहू द्या, फोन बदलला तरी जुना जपून ठेवा. उद्या न्यायालयात जायची वेळ आली तर डिजिटल पुराव्याला २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमाप्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं, आणि मूळ यंत्र हाताशी असलं की ते सोपं जातं.

विजेची गोष्ट मात्र रविवारची वाट बघण्यासारखी नसते. पाण्याची रेघ दिसली त्याच सकाळी मी त्या खोलीचा एमसीबी पाडला आणि भाईंना फोन केला. फोननंतर लगेच मेसेजही केला: "मागच्या खोलीत स्विचबोर्डात पाणी उतरतंय, आम्ही वीज बंद केली आहे, दोन दिवसांत इलेक्ट्रिशियन पाठवावा, नाहीतर आम्ही बोलावतो आणि बिल तुम्हाला देतो." दोन दिवसांनी त्यांचं उत्तर आलं, "तुम्हीच बघा, नंतर करू ॲडजस्ट." हे उत्तर सोन्यासारखं जपलं. परवानाधारक इलेक्ट्रिशियन बोलावला, त्याच्याकडून काम काय झालं ते लिहिलेलं सहीचं बिल घेतलं, ३,८५० रुपये. त्यानं काढलेला स्विच आतून काळा पडला होता. तो मी पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवला.

मग पत्र. फोन आणि मेसेज कितीही झाले तरी एक रीतसर पत्र जायलाच हवं, कारण "कळवलं केव्हा" या प्रश्नाचं पक्कं उत्तर तेवढंच देतं. पोस्टानं पाठवा, पोचपावतीसह. पूर्वीचं रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिसळलं आहे, तेव्हा खिडकीवर नोंदणी आणि पोचपावती दोन्ही हवीत असं स्पष्ट सांगा. मालक परदेशी असेल तर त्याला ईमेल आणि इथल्या कारभाऱ्याला पोस्टानं. भाषा मालकाला वाचता येईल ती. सरकारी कार्यालयात जायची वेळ आली तर मराठीत लिहायला संकोचू नका, १९८७ च्या गोव्याच्या राजभाषा कायद्यानं शासकीय कामासाठी मराठीचा वापर मान्य केलेला आहे. माझ्या पत्राचा मजकूर असा होता, हवा तर तसाच घ्या:

"दिनांक २० जून २०२२. विषय: फ्लॅटमधील छताची गळती, तिची दुरुस्ती व तोपर्यंत भाड्यात सूट.
महोदय, आपल्या वरील फ्लॅटमध्ये आम्ही १ एप्रिल २०२२ पासून भाड्याने राहत असून भाडे दरमहा वेळेवर देत आहोत. दिनांक १२ जूनच्या रात्रीपासून मागील बेडरूमच्या छतातून पाणी गळत आहे व हॉलच्या पूर्वेकडील भिंतीत ओल आली आहे. मागील बेडरूम तेव्हापासून वापरता येत नाही. फोटो सोबत जोडले आहेत. कराराच्या कलम ७ नुसार ही दुरुस्ती आपण करावयाची आहे. कृपया हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत पाहणी करून गळती थांबवण्याची तात्पुरती व्यवस्था करावी, आणि कायमच्या दुरुस्तीची तारीख लेखी कळवावी. खोली पुन्हा वापरण्याजोगी होईपर्यंत भाड्यात दरमहा ३,५०० रुपये सूट मिळावी, ही विनंती. हिशेब सोबत आहे. पाहणीसाठी कोणत्याही रविवारी किंवा सायंकाळी पाचनंतर आम्ही घरी आहोत."

शेवटचं वाक्य गाळू नका. मालकाला पाहणीची संधी दिली होती हे पुढं फार उपयोगी पडतं. धमकीचा, वकिलाचा, पोलिसांचा शब्दही पहिल्या पत्रात नको.

पंधरा दिवस हे मी ठरवले. कायद्यात आहे तो "वाजवी वेळ", आणि तो कामावर अवलंबून असतो. विजेला दोन दिवस पुष्कळ. संडास तुंबला तर एक. छताला मात्र जुलैमध्ये कायमची दुरुस्ती मागण्यात अर्थ नाही. ओल्या स्लॅबवर वॉटरप्रूफिंगचा थर धरतच नाही, पैसे वाहून जातात. पावसात मागायची ती ताडपत्री किंवा तात्पुरते पत्रे, आणि एप्रिलची तारीख.

३,५०० कुठून आले? इथं माझा विषय कामाला आला. फ्लॅटचं आतलं क्षेत्रफळ मी स्वतः टेपनं मोजलं: ६० चौरस मीटर. मागची खोली ११ चौरस मीटर, ती पूर्ण बंद. १४,००० गुणिले ११ भागिले ६०, म्हणजे २,५६७ रुपये. हॉल १५ चौरस मीटर, त्यातला भिंतीकडचा साधारण चौथा भाग सोफा हटवून रिकामा ठेवावा लागला: ३.७५ चौरस मीटर, म्हणजे ८७५ रुपये. बेरीज ३,४४२. मागताना ३,५०० मागितले. हे सूत्र कुठल्या कायद्यात छापलेलं नाही, पण समोरच्याला "एवढे कसे?" म्हटल्यावर दाखवायला आकडे हवेत. नुसतं "निम्मं भाडं करा" म्हटलं की ते भांडण वाटतं. क्षेत्रफळानं सगळंच मोजता येतं असंही नाही. घरातला एकमेव संडास तुंबला तर तो दीड चौरस मीटरचा म्हणून चाळीसावा हिस्सा मागायचा का? तेव्हा दिवस मोजा: जितके दिवस दुसऱ्याच्या घरी जावं लागलं, तितक्या दिवसांचं भाडं.

आणि काय मागू नये हेही स्वतःशी नीट ठरवा. पावसाळ्यात कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी येते, दारं फुगतात, मीठ पाघळतं. ते गोव्याचं हवामान आहे, मालकाचा दोष नव्हे. जुन्या चिऱ्याच्या आणि मंगळुरी कौलांच्या घरात एखादं कौल सरकणारच, ते दुसऱ्या दिवशी बसवून घेतलं की झालं. स्लॅबमधून पाणी पडणं, शोषखड्डा भरून मोरीतून उलटा येणं, नळाच्या जुन्या पाइपातून गंजाचं पाणी येणं, वासा वाळवीनं पोखरणं, हे दोष. आपल्याच हातून फुटलेलं काही असेल तर ते आपणच दुरुस्त करायचं, कायदाही तेच सांगतो.

१० जुलैच्या रविवारी भाई आले. मी चहा ठेवला आणि त्यांना आधी मागच्या खोलीत नेलं. पेन्सिलीच्या रेघा त्यांनी वाकून वाचल्या. मग भिंतीवर हात टेकला, तर तळहाताला ओला चुना लागून आला. हात रुमालानं पुसत म्हणाले, "गच्ची सोसायटीची आहे, टीचर. मी काय करणार?" याचं उत्तर तयार ठेवा, कारण फ्लॅटमध्ये हे ऐकावंच लागतं. मी म्हटलं, "भाई, सोसायटीचे सभासद तुम्ही, आम्ही नाही. माझा करार तुमच्याशी आहे. तुम्ही सोसायटीला पत्र द्या, माझे फोटो जोडा, मी लिहून देते." तिथंच बसून पत्र लिहिलं, त्यांनी सही केली. पैशाचं बोलणं दहा मिनिटांत झालं. ते दोन हजारांवर होते, मी साडेतीनवर, तीन हजारांवर ठरलं. मला चारशे-पाचशे रुपयांसाठी अडून बसायचं नव्हतं.

पण ठरल्यावर उठू नका. ठरलेलं तिथल्या तिथं लिहून घ्या. आमचा कागद सहा ओळींचा होता: जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर २०२२ या तीन महिन्यांचं भाडं ११,००० राहील, ही सूट गळतीमुळे आहे आणि तिला थकबाकी समजलं जाणार नाही, विजेच्या दुरुस्तीचे ३,८५० जुलैच्या भाड्यातून वजा होतील, अनामत रकमेशी याचा संबंध नाही, ३१ मे २०२३ पूर्वी छताची कायमची दुरुस्ती होईल. दोघांच्या सह्या, फोटो काढून मस्कतला मालकांना पाठवला, त्यांचं "ओके" आलं. "थकबाकी समजलं जाणार नाही" हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. ते नसतं तर तीन वर्षांनी कुणी ९,००० बाकी दाखवू शकलं असतं. पुढं दर महिन्याच्या पाच तारखेच्या आत भाडं बँकेतून पाठवलं आणि शेऱ्यात लिहिलं: जुलै भाडे, ठरल्याप्रमाणे सूट वजा करून. चवथीला पाच दिवस गावच्या घरी गेलो तेव्हा किल्ली भाईंकडे देऊन गेलो, ताडपत्रीचं काम त्या दिवसांत झालं.

सगळेच मालक असे नसतात हे मला ठाऊक आहे. आमच्या शाळेतल्या एका शिक्षिकेच्या मालकानं पत्राला उत्तर दिलं नाही, उलट नळ बंद केला. तुमच्यावर तशी वेळ आली तर एकट्यानं लढू नका. तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या न्यायालयातल्या विधी सेवा कार्यालयात जा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. अनुसूचित जाती-जमाती, अपंग, औद्योगिक कामगार यांनाही. राष्ट्रीय हेल्पलाइन १५१०० आहे. खटला घालण्याआधी समेटाचा प्रयत्नही तिथं होतो, आणि मालक तिथून आलेल्या पत्राला बहुधा उत्तर देतो. शोषखड्डा वाहतोय, मैलापाणी उघड्यावर येतंय, तर आरोग्य केंद्रात लेखी तक्रार द्या. गोव्याचा १९८५ चा सार्वजनिक आरोग्य कायदा आहे, सॅनिटरी इन्स्पेक्टर पाहणीला येतो, आणि त्याचा अहवाल तुमच्या वहीपेक्षा वजनदार असतो. घर १९६८ च्या कायद्याखाली येत असेल तर वाजवी भाडं ठरवून मागायला भाडे नियंत्रकाकडे अर्ज करता येतो. कुलूप बदललं, सामान बाहेर काढलं, तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार आणि लगेच वकील. बेकायदा बाहेर काढलेल्याला ताबा परत मागण्यासाठी विशिष्ट अनुतोष कायद्याच्या सहाव्या कलमाखाली सहा महिन्यांच्या आत दावा घालता येतो, ती मुदत चुकवू नका.

आणि ज्यांचा करार अजून व्हायचा आहे, त्यांनी हे सगळं आधीच लिहून घ्यावं. केंद्रीय मंत्रिमंडळानं २ जून २०२१ ला आदर्श भाडेकरू कायद्याचा नमुना मंजूर केला. राज्यानं स्वीकारल्याशिवाय तो लागू होत नाही, पण त्यातली वाटणी करारात उतरवायला आपल्याला कुणी अडवलेलं नाही. मालकाकडे: मूळ बांधकामाची दुरुस्ती, भिंतींना रंग, दारं-खिडक्यांचा रंग, पाइप बदलणं, वायरिंग. भाडेकरूकडे: नळाचे वॉशर, मोरी साफ करणं, स्विच आणि सॉकेट, कुलपं, काचा, डासांच्या जाळ्या. मालकानं दुरुस्ती केली नाही तर भाडेकरूनं करून खर्च कापायचा, एका महिन्यात भाड्याच्या निम्म्याहून जास्त नाही. घर राहण्याजोगं नसेल आणि मालक दुरुस्ती नाकारत असेल तर पंधरा दिवसांची नोटीस देऊन सोडता येईल.

२०२३ च्या मार्चमध्ये आमचा करार नव्यानं झाला तेव्हा ही वाटणी मी घातली, आणि खाली एक वाक्य स्वतःचं जोडलं: "छतातून अथवा भिंतीतून पाणी आल्यामुळे कोणतीही खोली सलग सात दिवसांहून अधिक काळ वापरता न आल्यास, लेखी कळवल्याच्या तारखेपासून खोली दुरुस्त होईपर्यंत, त्या खोलीच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात भाडे कमी राहील." भाईंनी ते दोनदा वाचलं, मालकांना फोन लावला, आणि सही केली. मे महिन्यात गच्चीवर लोखंडी सांगाडा उभा राहिला, त्यावर निळे पत्रे चढले. जूनमध्ये पहिला जोराचा पाऊस आला त्या रात्री मी मागच्या खोलीत दिवा लावून बसले होते. पत्र्यावर आवाज प्रचंड होत होता, बालदी मात्र कोरडी होती. पेन्सिलीच्या रेघा पुढच्या दिवाळीत रंग देईपर्यंत भिंतीवर तशाच होत्या.